नवव्या नंबरची पी.टी. बाई

शकू, जायचा नंबर माझा होता.

हे आपलं ठरलेलं होतं. छातीत स्टेन्ट माझ्या, साखर माझी, जिन्याच्या मधल्या पायरीवर दम खायला थांबणारी मी. आणि तू पहाटे मैदानाला फेऱ्या मारून येणारी, या वयातही जमिनीवर मांडी घालून बसणारी आणि हात न टेकता उठणारी. घरात कोणी कधी दुसरा विचारच केला नव्हता. माझ्या स्वभावाप्रमाणे मी सगळी तयारी करून ठेवली होती. गॅस कसा नोंदवायचा, विजेचं बिल फोनवरून कसं भरायचं, पाण्याची मोटर कधी बंद करायची, माझ्या मुलाला, मंदारला, अमेरिकेत किती वाजता फोन केला तर तो मीटिंगमध्ये नसतो, हे सगळं तुला शिकवून झालं होतं. तू वैतागायचीस.

"जाशील तवा जाशील वं वहिनी. आता बॅटिंग लाव ना."

आता मी इथे बसले आहे आणि गॅस मला नोंदवता येतो. तुला जे शिकवलं ते सगळं मला येतंच होतं. तुला जे येत होतं त्यातलं मला काहीच येत नाही. तयारी मी उलट्या बाजूने केली, शकू. असं कसं झालं, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

लिहिते तुला, पण वाचणार मंदारची मुलं, इरा आणि अर्णव, आहेत. इराला मराठी सावकाश का होईना वाचता येतं, अर्णवला ती वाचून दाखवेल. शकूआजीला काय झालं, असं त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी "हार्ट" एवढंच म्हणाले. एका शब्दावर भागणार नाही हे मलाही कळत होतं, पण तेव्हा दुसरा शब्द सापडला नाही. म्हणून आता त्यांच्यादेखत तुझ्याशी बोलते. तू मध्ये बोलणार नाहीस, याचीच मोठी पंचाईत आहे.

अर्णव गेल्या खेपेला सुट्टीत आला तेव्हा त्याचं ते खेळायचं काळं खोकं आणि दोन कंट्रोलर इथेच सोडून गेला. त्याला तिकडे नवीन मिळणार होतं. जाताना म्हणाला, "आजी, तू आणि शकूआजी टीम बनवा. आपण मॅच खेळू." मी हसून मान हलवली होती. विमान उडायच्या आत आपण ते कापडाखाली झाकून ठेवू, असं मला वाटलं होतं. तू मात्र टीव्हीसमोर बसलीस, पडद्यावर बेसबॉलचं मैदान उघडलं आणि तू ओरडलीस, "बाप्पा! हे तं आपलं सॉफ्टबॉल होय!"

मुलांनो, तुमच्या शकूआजीने विद्यापीठाच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलेला आहे. बेसबॉलचीच धाकटी बहीण म्हणा, चेंडू मोठा आणि मैदान लहान. ती कॅचर होती. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवी बसून येईल तो चेंडू झेलणारी. तुमचे आजोबा, म्हणजे तिचे दादा, वडिलांच्या नकळत तिचा ग्लोव्ह सायकलच्या पिशवीत घालून मैदानावर पोहोचवायचे. पुढे ती कामठीच्या मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई झाली आणि निवृत्त होईपर्यंत रोज शेअर ऑटोने गेली आणि आली. गळ्यातली शिट्टी घरीसुद्धा निघत नसे. माझं जेवण तयार झालं की मी तिला हाक मारायची, तिचं तयार झालं की ती शिट्टी मारायची.

आमच्या घरात दोन मराठी होत्या. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, जपून आणि छापील बोलत आले. तू मैदानावरची. चाळीसेक वर्षं एका छताखाली राहूनही ना तुझ्या तोंडून "का" निघालं ना माझ्या तोंडून "काहून".

पण खेळ मात्र आपण वाटून घेतला. त्यात पाकिटं मिळतात, पाकिटात खेळाडूंची कार्डं. प्रत्येक कार्डावर एक आकडा, नव्याण्णवपर्यंतचा. छोटी छोटी कामगिरी पार पाडली की आणखी कार्डं. त्यांतून आपले नऊ जण निवडायचे, कोण आधी बॅटिंग करणार आणि कोण नंतर, ते लावायचं, आणि मग खेळायचं. निवडायचं आणि लावायचं काम माझं, कारण पडद्यावरचं इंग्रजी बारीक आणि आकड्यांना शिस्त लागते. खेळायचं काम तुझं, कारण हात तुझे. मी कंट्रोलर धरला की मैदानावर सगळेच गोंधळायचे. एकदा धरला, ठाणेदाराला भलत्याच दिशेला पळवलं, आणि तू तो माझ्या हातून काढून घेतलास. "तू डोकं लाव. हात मी लावतो."

ठाणेदार म्हणजे चौथ्या नंबरचा आपला फटकेबाज. खरी नावं तुला घेता येत नसत असं नाही, घ्यायची नसत. पोट सुटलेला, मिशाळ, बॅट काठीसारखी धरणारा, म्हणून ठाणेदार. पहिल्या नंबरचा काटकुळा, सुसाट पळणारा पोस्टमन. चेंडू टाकणारा उंच डावखुरा पिचर, तो खांब. मुलांनीही तीच नावं उचलली. अर्णव त्याच्या अमेरिकन जिभेने "ठानेडार" म्हणायचा तेव्हा तू हसून हसून शिट्टीवर फुंकर मारायचीस. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी संध्याकाळी, आपली मॅच. त्यांची टीम आपल्यापेक्षा भारी. आपण बहुधा हरायचो, पण तू हरल्यावरही इतका आरडाओरडा करायचीस की खालच्या मजल्यावरच्यांना आपण जिंकलो असंच वाटायचं.

तुझे दादा गेल्यानंतर या हॉलमध्ये कूलरशिवाय कशाचाच आवाज नसायचा. आपण दोघी वेगवेगळ्या खोलीत पेपरची दोन वेगळी पानं वाचत बसायचो. त्या खोक्याने आपल्याला एका सोफ्यावर आणलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "वहिनी, तू इमोशनल होऊन राहिली, बीपीची गोळी घेतली काय?"

आता त्या भांडणाकडे येते. मुलांनो, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

आपल्या टीममध्ये सगळे नव्वदच्या वरचे झाले होते, एक सोडून. कॅचर. तो बाहत्तरचा. अगदी पहिल्या पाकिटातून निघालेला, दाढीवाला, जाड मांड्यांचा, उकिडवा बसला की डोंगरासारखा स्थिर. तू त्याला पहिल्याच दिवशी "पी.टी. बाई" म्हणालीस आणि तेच नाव राहिलं. बाकीची पहिली कार्डं आपण एकेक करून बदलली. याला हात लावू दिला नाहीस.

कॅचरची एक मोठी कामगिरी होती, आठवडेच्या आठवडे चालणारी. ती पुरी केली की सत्त्याण्णवचा कॅचर मिळणार होता. मी क्रम लावून दिला, तू खेळलीस, तक्रार न करता. मिळाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आता आपली टीम सर्वांत बळकट, एकही कच्चा दुवा नाही. तू त्याच्याकडे नीट पाहिलंस. गोरापान, केस चोपडे, दात पांढरे.

"हा तं जावई दिसते."

"मग बसव ना जावयाला पाटावर."

"पाटावर बसवू. जेवू घालू. खेळवायचा नाही."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. नवव्या नंबरवर पी.टी. बाईच राहिली आणि जावई राखीव खेळाडूंत बसला. मी तुला आकडे दाखवले. फटका सत्त्याण्णवचा दुप्पट, थ्रो दीडपट. तू मान हलवत राहिलीस. मी म्हटलं, ठीक आहे, नववा नंबर आहे, शेपटाला काय महत्त्व, क्रिकेटमध्येही अकरावा कोणी बघत नाही. त्यावर तू शिट्टी मारलीस. फाउलची.

"वहिनी, इथं शेपूट नसते. नवव्यानंतर पुन्हा पहिलाच येते. नववा बेसवर असला की पोस्टमनले काम सोपं. आन नववा बेसवर कसा जाते? सोडून."

तुझा सगळा खेळ सोडण्याचा होता. चेंडू बॅट्समनसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरून गेला आणि आपण बॅट फिरवली नाही, की तो 'बॉल'. असे चार झाले की खेळाडू चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जातो, फुकट. चौकटीतून गेला आणि फिरवली नाही, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक, आउट. म्हणजे कोणता सोडायचा हे पटकन कळलं पाहिजे. पी.टी. बाईला घेऊन तू वरचेवर चालत बेसवर जायचीस आणि अर्णव तिकडून चिडायचा, "शकूआजी, बॅट हलव ना!"

मी तुला पेचात पकडलं होतं, आठवतं? मी म्हटलं, "चेंडू तो कार्डातला माणूस सोडत नाही, तू सोडतेस. डोळा तुझा आहे. तोच डोळा जावयासाठी वापर. सोडायचे ते सोड, आणि मारायचा आला की सत्त्याण्णवचा फटका बसेल."

तू कंट्रोलर मांडीवर ठेवलास. मला वाटलं जिंकले. मग म्हणालीस, "बरोबर हाय तुझं. पण जावई हातात असला ना, की मले सोडवत नाई. वाटते, एवढा तगडा गडी, मारून टाकाव. आन मंग आउट होतो. ही बाई हातात असली की मले माहीत राह्यते, हिच्यानं काय मोठा फटका बसत नाई. मंग मी थांबतो."

"हे काही तर्काला धरून नाही, शकू."

"तं नसन."

हे भांडण तिथे संपलं नाही. ते भाजी निवडताना झालं, कूलरमध्ये पाणी भरताना झालं, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये माझा नंबर येईपर्यंत झालं. रविवारची मॅच तोंडावर होती. इरा-अर्णवच्या टीमलाही नवे भारी खेळाडू मिळाले होते आणि मला एकदा तरी त्यांना हरवायचं होतं. मी मुलांना सांगूनही ठेवलं होतं, या वेळी जावई उतरणार.

शुक्रवारी सकाळी तू फेऱ्या मारून आलीस, चहा घेतलास आणि "एक इनिंग खेळून घेतो" म्हणून सोफ्यावर बसलीस. समोर मशीनची टीम होती, सरावाची. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. तिथून पडदा दिसत नाही, आवाज येतो. खेळात बॅटला चेंडू लागला की खणखणीत टोला ऐकू येतो, पार मोरीपर्यंत. पोस्टमनचा ऐकू आला. तुझं "भाग रे, भाग!" ऐकू आलं. मग मी कांदा चिरता चिरता विषय काढला.

काय काय बोलले ते सगळं आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हट्टालाही वय असतं. मी म्हटलं, शाळेतसुद्धा तू अशीच होतीस म्हणे, पळता न येणाऱ्या पोरीला टीममध्ये घ्यायचीस. तू उत्तर दिलं नाहीस. टीव्हीतला समालोचक इंग्रजीत "स्ट्राइक" म्हणाला. पुन्हा स्ट्राइक. आउट. बॅटचा आवाज नाही. मला वाटलं, मुद्दाम सोडते आहे, मला डिवचायला. आणखी एक आउट. टोला नाही, तुझं ओरडणं नाही. तू रागावलीस की असाच अबोला धरतेस. मोहरी तडतडली, मी पोहे परतले, त्यावर झाकण ठेवलं. तिसरा आउट झाला. मग नुसता प्रेक्षकांचा गलका, न थांबणारा, चढणारा आणि उतरणारा.

त्या गलक्यात मी हार मानली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्यापुढे, आणि तेही मनापासून. "बरं बाई," मी म्हटलं, "राहू दे तुझी पी.टी. बाई. रविवारी तीच खेळेल. झालं समाधान?"

आणि थांबले. तू शिट्टी मारशील म्हणून थांबले. हातात झारा होता.

पोह्यांच्या दोन बश्या घेऊन बाहेर आले. तू सोफ्यावर नीट बसलेली, पाठ टेकलेली, कंट्रोलर मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. मान किंचित खाली. पडद्यावर आपली बॉलिंगची बाजू आली होती. खांब चेंडू हातात घेऊन उभा होता, तुझं बटण दाबलं जायची वाट पाहत. आणि त्याच्यासमोर, पलीकडच्या टोकाला, पी.टी. बाई उकिडवी बसून ग्लोव्ह पुढे धरून होती. तो खेळ आपण चेंडू टाकेपर्यंत थांबतो. कितीही वेळ थांबतो.

मी बश्या टीपॉयवर ठेवल्या. म्हटलं, "शकू, गरम आहेत." मला खरंच काही कळलं नव्हतं. मी लिंबूसुद्धा पिळलं.

मी ओरडले की नाही, ते मला माहीत नाही. ओरडलेच असणार, कारण वरच्या मजल्यावरचे डॉक्टर गोळी हातात घेऊन धावत आले आणि सरळ माझ्याकडे आले. शेजारच्यांनी मला दंडाला धरून दिवाणावर आडवं केलं. डॉक्टर माझ्या जिभेखाली गोळी सरकवायला लागले, कोणीतरी माझ्या तळव्यांना तेल चोळायला लागलं. कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, या घरातून हाक आली तर ती कोणासाठी असणार. मी हात झटकत होते. "मला नाही. मला काही झालेलं नाही. तिला बघा." आणि ते म्हणत होते, "हो हो, बोलू नका, शांत पडा." तू चार पावलांवर, पाठ टेकून, शांत बसलेली. तुझ्याकडे कोणी बघत नव्हतं, कारण तुला काही होणं शक्यच नव्हतं.

डॉक्टर वळले तेव्हा त्यांचाही चेहरा... जाऊ दे. एका क्षणात गेल्या, त्यांना कळलंही नसेल, असं ते म्हणाले. तुझं बरं झालं. पण कोणत्या क्षणात, शकू? पहिल्या आउटला की तिसऱ्या? मी "हट्टालाही वय असतं" म्हणाले तेव्हा तू होतीस का? "राहू दे तुझी पी.टी. बाई" हे तू ऐकलंस का? प्रत्येक गोष्टीची वेळ ठाऊक असलेल्या बाईला एवढी एक वेळ माहीत नाही. मी पुन्हा पुन्हा कांदा चिरते, मोहरी टाकते, झाकण ठेवते आणि मध्येच कुठेतरी तू आहेस आणि नाहीस.

मंदार आला आणि सगळं करून परत गेला. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. तुझ्या कामठीच्या मुली आल्या, मुली कसल्या, पन्नाशीच्या बाया, एकीबरोबर तर सून होती. त्यातली एक बुटकी, जाडजूड बाई माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मले काही पळता येत नव्हतं काकू. बाईनं तरी टीममधी घेतलं. वर्षभर बॅट फिरवू नाई दिली. म्हणे, पहिलं सोडाले शिक. मी लय रडली होती."

"मग शिकलीस का?"

"शिकली ना. आता पोरगं काही बोललं तरी सोडून देतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि तोंडावर पदर घेतला, कारण मी हसता हसता सोफ्याकडे बघितलं होतं.

पाहुणे गेले. शनिवारी इराचा फोन आला. ती आता मोठ्या माणसासारखी बोलते. म्हणाली, "आजी, उद्या मॅच नको, आपण नुसतं बोलू." मागून अर्णव म्हणाला, "टीम कोण खेळवणार आता?" इराने त्याला गप्प केलं. पण प्रश्न त्याचाच बरोबर होता. सर्वांत बळकट टीम लावून ठेवली आहे, आणि तिला हात नाहीत. तुझ्यामागे काय काय बंद पडेल याचा मी कधी विचारच केला नव्हता, त्यामुळे मला ते एकेक करून सापडतंय. वरच्या फळीवरचा डबा. घट्ट झाकणं. पहाटेचा दाराचा आवाज. हे सगळं बंद पडलं ते पडलं. रविवार बंद पडू द्यायचा नाही, एवढं मला कळलं. तो थांबला तर मुलं हळूहळू फोनवर "कशी आहेस आजी" आणि "बरी आहे" एवढ्यावर येतील. मी त्यांना म्हटलं, "मी खेळणार."

"तुला येतं?" अर्णव म्हणाला.

"नाही."

रविवारी सकाळी मी अंघोळ करून, साडी बदलून बसले. तुझ्या जागेवर नाही, माझ्याच. फोन समोर उभा केला, त्यात दोघांचे चेहरे. आधी टीम लावली. जावई समोर होता, सत्त्याण्णव, दात दाखवत. मुलांना वाटलं मी त्यालाच उतरवणार, कारण मी तसं सांगून ठेवलं होतं. मी नवव्या नंबरवर पी.टी. बाई लावली. शब्द दिला होता. ऐकणारी होती की नव्हती, हा प्रश्न वेगळा.

खेळ काय झाला ते सांगण्यासारखं नाही. चेंडू टाकायचं बटण इराने शिकवलं, मारायचं अर्णवने. कधी मारायचं, ते कोणाला शिकवता येत नव्हतं. माझा हात दर वेळी उशिरा. पोस्टमन गेला, ठाणेदार गेला, आठच्या आठ हवेत बॅट फिरवून परत गेले. तिकडे मुलांनी धावांचा ढीग घातला आणि दोघंही इतकी अवघडली की अर्णव प्रत्येक धावेनंतर "सॉरी" म्हणत होता. मी म्हटलं, "सॉरी नको. शकूआजीला चाललं असतं का?"

मग पडद्यावर दाढीवाला चेहरा आला आणि इरा हळूच म्हणाली, "पी.टी. बाई."

माझे हात थांबले. मी ठरवून थांबवले नाहीत. बटणावर बोट होतं, ते हललंच नाही. मी नुसती त्या वाकलेल्या, बॅट धरून उभ्या माणसाकडे बघत राहिले. पहिला चेंडू बाहेरून गेला. दुसरा खाली पडला. तिसरा वरून गेला. मी तशीच. चौथाही बाहेर. समालोचक काहीतरी म्हणाला आणि पी.टी. बाईने बॅट बाजूला टाकली आणि सावकाश, चालत चालत, पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली.

फोनमध्ये अर्णव ओरडला, "आजी, तू सोडलास!"

अर्णव, ते चार चेंडू तू मुद्दाम बाहेर टाकलेस का, हे मी तुला कधीच विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

नवव्यानंतर पहिला आला. पोस्टमन बॅट फिरवत उभा राहिला. तिकडचा पिचर तयार. मी शेजारी वळून विचारलं, "आता मारू का गं?"

सोफ्यावर उशी होती. कूलर चालू होता. तुझी शिट्टी खिळ्याला होती, वाऱ्याने जराशी हलत.

मग इरा म्हणाली, "मार आजी."

मी बटण दाबलं. चेंडू उंच गेला आणि कोणाच्या तरी हातात अलगद पडला. आउट. पण टोला बसला, शकू. पहिल्यांदा बसला, खणखणीत. स्वयंपाकघरात कोणी कांदा चिरत असतं, तर तिला ऐकू गेला असता.